रायभानची शेवटची जोड

नवीन जालना,
८ जून २००३

अक्का, पाया पडतो.

फोन केला की अर्धं बोलणं तुझ्या सासूबाईच उरकतात आणि एसटीडीचा मीटर पळत राहतो. शिवाय मला जे विचारायचंय ते कागदावर लिहून, समजून घेण्यासारखं आहे. म्हणून पत्र.

नेटवर्किंगच्या परीक्षेचं मी मनावर घेतलंय. बियाणे कंपनीच्या ऑफिसात मी दिवसभर पोत्यांचे आकडे कॉम्प्युटरवर चढवतो, हे तुला माहीतच आहे. पण गोदाम आणि ऑफिस यांच्यातली लाइन बंद पडली की औरंगाबादहून इंजिनिअर येईपर्यंत आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसतो. साहेब म्हणाले, ती परीक्षा पास हो, ते काम तुझं. पुस्तक वाचून झालं, पण पुस्तक वाचून कुणी विहिरीत पोहलाय का? क्लासमध्ये एका राउटरभोवती एवढी डोकी असतात की मला फक्त पुढच्याच्या मानेवरचा तीळ पाठ झालाय. ऑफिसात मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी खोलीवर आणून ठेवलाय. आता राउटर हवेत. तू त्याच धंद्यातल्या दुकानात आहेस, तर सांग: जुन्यातले कुठले घ्यावेत, किती घ्यावेत, आणि माझ्यासारख्याला झेपतील असे कुठले?

बापू गेल्या आठवड्यात येऊन गेले. खोकला आहेच. आपल्या टेंभुर्णीत एखाद्याचा बैल मेला की उरलेल्याला जोड शोधून द्यायला लोक अजून त्यांच्याकडेच येतात. आणि त्यांची सवयही तीच, भाव सांगायच्या आधी खोड सांगायची. परवा माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "मारका न्हाई, पर पान्यात उतरत न्हाई. आता घ्यायचा का न्हाई ते तू बघ." गिऱ्हाईक निघून गेलं. मी म्हटलं, बापू, त्याच्या रानात नदी कुठाय, सांगितलं कशाला? तर माझ्यावरच डोळे वटारले. असा माणूस धंद्यात टिकला कसा, देव जाणे.

तुझा,
मच्छिंद्र

पुणे,
१७ जून २००३

मच्छिंद्रा, शहाणा हो.

तुझं पत्र मिळालं. सासूबाईंचा मजकूर असलेली पहिली ओळ फाडली आणि मग ते डब्यात ठेवलं.

आता नीट ऐक. दोन-तीन वर्षांपूर्वी इथे कॉम्प्युटरच्या कंपन्या घाईघाईने निघाल्या आणि तेवढ्याच घाईने बसल्या. त्यांचा माल आमच्या दुकानात ढिगाने येतो. त्यात फ्रिजसारखे घरघरणारे मोठे राउटर असतात, त्यांच्या नादी लागू नकोस. ते तुझी खोली तापवतील, वीज खातील आणि परीक्षेला त्यांचा उपयोग शून्य. तुला हवेत २५०१ नंबरचे. करडी, चपटी, पाटाएवढी पेटी असते. जुनी आहे, पण परीक्षेत विचारतात ते जवळजवळ सगळं तिच्यावर करता येतं. घेताना मेमरी बघायची, कारण कमी असली तर पुढचं सॉफ्टवेअर बसत नाही. आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरला जोडून, पडद्यावर अक्षरं उमटलेली बघूनच घ्यायचा. पंखा फिरला म्हणजे राउटर चालला असं नव्हे. इथे चांगली शिकलेली माणसंसुद्धा पंख्याचा आवाज ऐकून पेटी घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतात.

किती, तर कमीत कमी दोन. राउटरचं कामच मुळी दुसऱ्याला वाट सांगायचं. एकटा असला तर सांगणार कुणाला? तिसऱ्याचं तुझ्या लग्नानंतर बघू. एक मी मालकाशी बोलून घेतलाय आणि तो ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवते. निळी चपटी केबल कॉम्प्युटरला जोड. जाड केबल दोन राउटर एकमेकांना जोडायची आहे, ती सध्या गुंडाळून ठेव. दुसऱ्याचं दिवाळीपर्यंत जमवू.

बापूंना छातीच्या डॉक्टरकडे ने. उद्या-परवा करू नकोस.

तुझी,
अक्का

नवीन जालना,
२० जुलै २००३

अक्का,

राउटर सुखरूप पोचला. निळी केबल लावली आणि पडद्यावर अक्षरं धावली तेव्हा मी घरमालकीण झुंबरबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चित्र कवा येतंय?" आणि परत गेल्या.

बापूंना डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "धुळीचा खोकला हाय" म्हणून त्यांनी उडवून लावलं. मात्र पेटीपाशी बराच वेळ बसले. "ह्यो काय करतो?" म्हणाले. मी सांगितलं, दुसऱ्याला वाट सांगतो. "दुसरा कुठंय?" दिवाळीला येईल, म्हटलं.

"मंग तवर हा एकटाच दावणीला? एकटा बांधून ठिवला की बैल बिघडतो, बाबा."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी पेटीची लांबी-रुंदी वितीने मोजली, उचलून वजन घेतलं, खिडकीशी नेऊन उजेडात रंग बघितला आणि पाठीवरचा नंबर माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला. आई गेल्यापासून इतक्या हुशारीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मच्छिंद्र

नवीन जालना,
३० ऑगस्ट २००३

अक्का,

एक घोटाळा झालाय. तुझा सल्ला जल्दी हवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बापू आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी गावापासून एमआयडीसीपर्यंतची भंगाराची गोदामं पालथी घातली होती, मला न सांगता. टॉवेल सोडला तर आत तुझ्या राउटरचा जुळा भाऊ. तोच रंग, तोच नंबर, तसेच स्क्रू. "बघ," म्हणाले, "शिंगाला शिंग, वशिंडाला वशिंड. तोंड उघडून दात बघावं म्हन्लं, तर ह्याला तोंडच न्हाई!" आणि हसता हसता खोकत बसले.

वायर लावली. पंखा फिरला. बापूंनी माझ्या पाठीत थाप मारली. पडद्यावर मात्र एक अक्षर येईना. मी म्हटलं, लाइट कमी-जास्त होतेय, संध्याकाळी बघू. ते बाजारात गेल्यावर झाकण उघडलं. अक्का, आत बोर्डच नाही. कुणीतरी गाभा काढून घेतलाय. उरलाय फक्त पंखा आणि त्याला वीज पुरवणारा डबा. भंगारवाल्यालाही कदाचित ठाऊक नसेल.

संध्याकाळी बापू आले ते दारातूनच विचारत आले, "लागली का जोड?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बराबर लागली, बापू."

त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. आता मी काय करू? खरं सांगू का?

मच्छिंद्र

पुणे,
८ सप्टेंबर २००३

मच्छिंद्रा,

मुळीच सांगू नकोस. आई गेल्यापासून तो माणूस नुसता ओट्यावर बसून असतो. मुलाच्या शिक्षणाला आपला हात लागला एवढं समाधान त्याला मिळालंय, ते काढून घेऊन तुला काय मिळणार? यात कुणाचं काही बिघडत नाही. गोड बोलण्याला पाप म्हणत नाहीत.

ह्या पत्रासोबत दुसरा राउटर येतोय, गाभ्यासकट. दिवाळीची साडी मी राउटरच्या रूपात नेसले असं समजेन. बापू यायचे असले की त्यांची पेटी टेबलावर आणि माझी खाटेखाली. एरवी उलट. एवढं नाटक तुला जमेल. शाळेत तू झाडाचं काम केलं होतंस आणि छान उभा राहिला होतास.

अक्का

नवीन जालना,
९ ऑक्टोबर २००३

अक्का,

चालले! आधी दोघे एकमेकांना ओळखच देईनात. मग कळलं, जाड केबलीच्या एका बाजूच्या राउटरने वेग ठरवून द्यायचा असतो, तो मी दिलाच नव्हता. तो दिला, एकाने दुसऱ्याला हाक मारली आणि पडद्यावर पाच उद्गारचिन्हं उमटली. म्हणजे उत्तर आलं. मी खोलीत एकटाच नाचलो. आता रोज ऑफिसातून आलो की लाइट जाईपर्यंत सराव करतो. परीक्षा डिसेंबरात.

दसऱ्याला बापू आले. तुझ्या सांगण्याप्रमाणे त्यांची पेटी टेबलावर ठेवली, पंखा चालू केला. त्यांनी दोन्ही पेट्यांना कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात फिरवत हसत बसले. म्हणाले, "आजवर धाकट्या-थोरल्या किती जोड्या लावल्या, पर पोराच्या कामाची हीच एक." मी खाटेखालची तुझी पेटी पायाने आणखी आत सरकवली. तरी वाटलं, तू म्हणतेस तेच बरोबर.

जाताना त्यांनी सहज विचारलं, "मच्छिंदर, त्या भंगारवाल्याचा माल खरंच चांगला हाय ना?" मी म्हटलं, बिलकुल. त्यांना बरं वाटलं.

मच्छिंद्र

पुणे,
११ जानेवारी २००४

मच्छिंद्रा,

पास झालास म्हणून फोन केलास, मी दुकानात पेढे वाटले, आणि तेव्हापासून तू गप्प. ऑफिसात फोन केला तर "साहेब गोदामावर गेलेत" म्हणतात. साहेब! बरं आहे.

पण माझा खरा राग वेगळा आहे. टेंभुर्णीला फोन केला तर वच्छलाआत्या म्हणते, बापू फोनवर यायला तयार नाहीत, कुणाशीच बोलत नाहीत. तू त्यांना काही लागेल असं बोललास का? नवं काम मिळालं म्हणून डोक्यात हवा गेली असेल तर ती मी पुण्यात बसून काढू शकते, विसरू नकोस. ज्या बापाने तुझ्यासाठी भंगार पालथं घातलं, त्याला दुखवलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

अक्का

नवीन जालना,
१८ जानेवारी २००४

अक्का,

हवा गेली असती तर बरं झालं असतं. तुला कसं सांगावं हे कळत नव्हतं म्हणून गप्प होतो.

रामकिसनकाकांच्या संपतने माझं बघून तीच परीक्षा द्यायचं ठरवलं. काका बापूंकडे आले. बापूंनी त्याच भंगारवाल्याकडून तसलीच एक पेटी आणून दिली. माझ्या "बिलकुल"वर विसंबून. देताना चारचौघांत म्हणाले, "माझ्या मच्छिंदरकडं हीच चालू हाय. खोड न्हाई. माझा शबूद हाय."

संपतने ती क्लासच्या सरांना दाखवली. सरांनी झाकण उघडलं. आत पंखा. संपत उघडी पेटी घेऊन सरळ पारावर गेला. कुणीतरी हसून म्हणालं, आता रायभान पंखे विकून राह्यला. बापू पारावरून उठले. पहिली एसटी धरून माझ्याकडे आले.

मी ऑफिसात होतो. झुंबरबाईंनी खोली उघडून दिली. मी आलो तेव्हा तुझे दोन्ही राउटर टेबलावर जोडलेले होते आणि बापू खाटेवर बसले होते. खाटेखालून काढलेली त्यांची पेटी मांडीवर होती. त्यांनी स्क्रूला हात लावला नव्हता.

"हिच्यात काय हाय?" त्यांनी विचारलं.

"पंखा," मी म्हणालो.

"कवापासून ठावं हाय तुला?"

"पोळ्यापासून."

त्यांनी टेबलावरच्या जोडीकडे बघितलं. मग म्हणाले, "अन् पुण्याच्या बेबीला?"

मी खाली बघितलं. ते उठले, पेटी टॉवेलात गुंडाळली आणि निघाले. मी हात धरला तर सोडवून घेतला. जेवले नाहीत. गावात जाऊन त्यांनी संपतची पेटी सगळ्यांसमोर परत घेतली. तेव्हापासून कुणी बैल दाखवायला आणला तर म्हणतात, "दुसरीकडं बघा. माझं बघनं गेलं."

आपण दोघांनी फार मोठी चूक केली, अक्का. मी दोन वेळा जाऊन आलो. ते मला चहा देतात, पावसापाण्याचं बोलतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

मच्छिंद्र

टेंभुर्णी,
२ फेब्रुवारी २००४

बेबीनंदा हिस बापाचा आशीर्वाद. कडूबा मास्तर लिहून घेत्यात. मी बोलतो तसंच लिवा म्हणून सांगितलं हाय.

तुझं पत्र मास्तरानं वाचून दावलं. तू लिवतीस, बापूला वाईट वाटू नये म्हनून केलं. आसंल. मला राग न्हाई. माज्याकून चूक झाली, ती कुनाकूनबी व्हती. बैल घेतानाबी मी फसल्तो. फसून आणलेला बैल परत करता येतो, बाजारात त्याची लाज न्हाई.

पर पोरी, जनावर थकलं, त्याच्यानं वढवंना, तर तसं मालकाच्या तोंडावर सांगत्यात. मी थकलो आसं तुमी दोघांनी ठरवलं अन् मलाच तेवढं सांगितलं न्हाई. दसऱ्याला मी त्या पेटीला कुक्कू लावून हासत हुतो, तवा मच्छिंदर माज्याकडं बघून मनात काय म्हनला आसंल, ह्याचाच इचार करून राह्यलो. दुसरं काई सुचत न्हाई.

रामकिसनाला मी शबूद दिल्ता. तो तुमचा हुता, मी आपला समजून दिला.

तब्येत बरी हाय. खोकला हाय. तू येऊ नको, पोरांची शाळा बुडंल.

रायभान

पुणे,
१३ फेब्रुवारी २००४

मच्छिंद्रा,

बापूंचं पत्र सोबत पाठवतेय. मी ते दुकानात वाचलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. "गोड बोलण्याला पाप म्हणत नाहीत" असं मीच लिहिलं होतं ना? किती शहाणी समजत होते मी स्वतःला.

आत्याचा फोन आला होता. खोकल्यातून रक्त पडतंय. ते नाही म्हणाले तरी त्यांना जालन्याला सरकारी दवाखान्यात ने, उचलून ने. आणि एक ऐक. ह्यापुढे त्यांच्यापासून काही लपवायचं नाही. डॉक्टर जे म्हणतील ते त्यांच्यासमोरच म्हणू देत, वाईट असलं तरी.

अक्का

नवीन जालना,
६ मार्च २००४

अक्का,

नेलं. तपासण्या झाल्या. टीबी आहे, दोन्ही बाजूंना. डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. बापूंना समोर बसवून म्हणाले, "आजोबा, उशीर केलात, पण हाताबाहेर गेलेलं नाही. सहा महिने गोळ्या घ्या, एकही पाळी चुकवू नका. पूर्ण बरे व्हाल." गोळ्या फुकट मिळतात. माझा जीव भांड्यात पडला. मी तर त्याहून वाईट ऐकायच्या तयारीने गेलो होतो.

बाहेर लिंबाखाली बसलो. बापू म्हणाले, "खरं काय म्हन्ला डाक्टर?"

"तुमच्यासमोरच तर बोलले, बापू."

"तू आदी येकटा आत गेल्तास."

"केसपेपर द्यायला गेलो होतो. तुमची शपथ, बराबर होतंय म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं. रागावून नाही, लहान मुलाकडे बघतात तसं. "हां," म्हणाले, "ती जोडबी बराबरच लागल्ती." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी रडलो, अक्का, तिथेच, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "रडू नको. मी घेतो गोळ्या." माझ्याकडे राहा म्हणालो तर नको म्हणाले. आत्या समोर बसून गोळ्या देते. घेतात म्हणते.

मच्छिंद्र

नवीन जालना,
२४ मे २००४

अक्का,

तू तेराव्यानंतर निघालीस तेव्हा एसटीच्या खिडकीशी मला तुला काही सांगायचं होतं. सगळे उभे होते, जमलं नाही.

बापूंनी गोळ्या पहिले काही आठवडेच घेतल्या. त्यानंतर आत्यासमोर तोंडात टाकायचे आणि ओट्यामागे जाऊन थुंकायचे. एकदा आत्याने पाहिलं. ती भांडली तर म्हणाले, "कशाला गं त्यो खटाटोप? माझं काई बरं व्हत न्हाई. पोरं माझं मन राखून राह्यलीत. चांगली हायत पोरं." वर शपथ घातली, मच्छिंदरला सांगू नको. म्हणून तिने सांगितलं नाही. ती तरी कुणाकडून शिकली, हे मी तिला कोणत्या तोंडाने विचारू?

काल मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना विचारलं, साहेब, तुम्ही त्या दिवशी आजोबांना धीर यावा म्हणून बोललात का? मला वाटतं, ते हो म्हणाले असते तर मला झोप लागली असती. ते माझ्यावर चिडले. म्हणाले, मी पेशंटशी खोटं बोलत नाही, गोळ्या घेतल्या असत्या तर तुमचे वडील आज चालत आले असते.

डॉक्टर खरं बोलत होते, अक्का. आणि त्या दिवशी लिंबाखाली मीही खरंच बोलत होतो.

मच्छिंद्र